रोजच्या लिहिण्याचं पेन

मागे एकदा बदलापूरच्या एका शाळेत बक्षीस समारंभाला गेलो होतो. भाषण आटोपल्यावर आठवी-नववीतली चार-पाच मुलं भोवती जमली. मला वाटलं, कवितेविषयी काही विचारतील. त्यातल्या एकानं विचारलं, ''सर, तुम्ही कोणतं पेन वापरता?'' मी खिशातलं पेन काढून दाखवलं. दहा रुपयांचं साधं बॉलपेन होतं ते. मुलांचे चेहरे पडले. कवीकडे निदान सोनेरी टोपणाचं तरी पेन असावं, अशी त्यांची अपेक्षा असणार.

घरी येताना मनात आलं, मुलाचा प्रश्न काही वावगा नव्हता. भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो. कलिंगड वाजवून बघतो. चप्पल घेताना ती पायात घालून दुकानातल्या दुकानात चार पावलं चालून बघतो. आणि पेन घेताना काय करतो? दुकानदारानं पुढे केलेल्या चिठोऱ्यावर दोन-चार गोल गिरवतो आणि पैसे देतो. ज्यानं परीक्षा द्यायच्या, अर्ज भरायचे, हिशेब ठेवायचे, सह्या करायच्या, त्याची पारख गोल गिरवून कशी होणार?

त्या पारखीविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी पेनांचा व्यापारी नाही आणि शास्त्रज्ञही नाही. बी.ए. झालो, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पंचवीस-तीस वर्षं कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. म्हणजे पोटही पेनावर भरलं आणि हौसही पेनावरच भागली. जे सांगणार आहे ते या अनुभवातून आलेलं आहे, आणि त्यातला एक अनुभव बराच महागात पडलेला आहे.

माझं लहानपण उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात गेलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. छावणीचे 'कॅम्प' मात्र लोकांच्या तोंडी राहिले ते आजतागायत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वयस्क सिंधी गृहस्थांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. आम्ही मुलं त्यांना 'दादा' म्हणायचो. दादा आपली हिशेबाची वही सिंधीत लिहीत, उजवीकडून डावीकडे. माझे अब्बा उर्दू लिहीत, तेही उजवीकडून डावीकडे. मी मराठी शाळेत जायचो, त्यामुळे माझी गाडी डावीकडून उजवीकडे. हे सांगायचं कारण म्हणजे पेनाचा पहिला धडा मला या तीन हातांनी शिकवला.

उजव्या हातानं मराठी लिहिताना हात कोऱ्या कागदाकडे सरकत जातो, लिहिलेली अक्षरं मागे राहतात. त्याच उजव्या हातानं उर्दू किंवा सिंधी लिहायला लागलं की हात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून जातो. अब्बांच्या करंगळीच्या कडेला म्हणूनच कायम निळा डाग असायचा. दादा एक ओळ झाली की टीपकागद दाबायचे, मग पुढची ओळ. आता माझी भाची डावखुरी आहे. ती मराठी लिहिते, पण अडचण अब्बांचीच. तेव्हा पेन घेताना पहिल्यांदा आपला हात कागदावरून कसा जातो ते बघावं. डावखुऱ्या मुलाला भरपूर ओली शाई सोडणारं पेन द्यायचं आणि वर ''वही किती घाण करतोस'' म्हणून ओरडायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला चटकन सुकणाऱ्या शाईचं पेन द्यावं. बहुतेक वेळा ते साधं बॉलपेनच असतं.

दुसरा धडा टोकाचा. सिंधीच्या अरबी वळणाच्या लिपीत ५२ अक्षरं आहेत आणि त्यातल्या काही अक्षरांना चार-चार नुक्ते आहेत. टोक जाड असेल तर नुक्ते एकमेकांत मिसळतात आणि एका अक्षराचं दुसरंच होतं. दादा म्हणून बारीक निब वापरायचे. आपल्या देवनागरीलाही हा नियम लागू आहे. घ आणि ध, म आणि भ यांत फरक केवढा? डोक्यावरची बारीकशी गाठ आणि शिरोरेघेतली फट, इतकाच. अक्षर लहान, टोक जाड आणि शाई ओली असली की ही फट बुजते. मग 'धर' लिहिलेलं 'घर' वाचलं जातं आणि 'भला'चा 'मला' होतो. क्ष, ज्ञ, ळ यांच्या गाठींचे तर नुसते ठिपके होतात. दहावीचे पेपर तपासणाऱ्यांना असल्या अक्षरांचा किती वैताग येतो, ते एखाद्या ओळखीच्या शिक्षकांना विचारून बघा.

पेनाच्या रिफिलवर ०.५, ०.७, १.० असे आकडे छापलेले असतात. टोकाशी जी गोळी असते तिचा तो व्यास, मिलिमीटरमध्ये. कागदावर रेघ त्याहून बारीक उमटते. ज्यांचं अक्षर बारीक आणि दाट आहे, त्यांनी ०.५ किंवा ०.७ घ्यावं. ज्यांचं अक्षर मोठं, सुटं आहे आणि ज्यांना भरभर लिहायचं असतं, त्यांना १.० सोयीचं पडतं, कारण मोठी गोळी सहज फिरते. फार बारीक टोक हलक्या वहीच्या खरबरीत कागदावर ओरखडतं आणि जोरात लिहिणाऱ्याच्या हातून कागदच फाटतो. वयस्क माणसांना स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वाचायचं असतं, म्हणून त्यांना थोडी ठळक रेघच बरी.

आता पेनाच्या जाती. बाजारात नावं शेकड्यानं असली तरी रोजच्या वापरात मुख्य जाती तीनच : शाईपेन, बॉलपेन आणि जेलपेन. त्यांच्या पोटात काय चालतं, ते कळलं की निवड निम्मी सोपी होते.

शाईपेनची शाई म्हणजे रंगाचं पाणी. निबेच्या मधल्या चिरेतून आणि तिच्याखालच्या जिभेतल्या बारीक खाचांतून ती आपोआप ओढली जाते, जशी दिव्याच्या वातीतून तेल वर चढतं तशी. म्हणून शाईपेन दाबावं लागत नाही. नुसतं टेकवलं आणि ओढलं की लिहितं. हाताला सगळ्यांत कमी श्रम याचेच. मात्र कागद चांगला लागतो. कागदाला खळ कमी असेल तर शाई तंतूंमधून पसरते आणि अक्षर फुटतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हवा ओली, कागद ओला, आणि जूनमध्ये घेतलेली चांगली वहीसुद्धा जुलैत शाई पिऊ लागते. शाईपेनला निगाही लागते. महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवावं, खिशात टोक वर करून ठेवावं आणि ते दुसऱ्याला वापरायला देऊ नये, कारण निब एका हाताच्या कलाला सरावते.

शाई म्हटलं की मराठी माणसाला दांडेकरांची आठवण यायला हवी. १९३१ साली गिरगावात दि. प. दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला सुरुवात केली. छाप होता घोडा. पुढे उंट आला, आणि 'कॅमल' आणि 'इंक' मिळून 'कॅमलिन' झालं. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीनं त्यात मोठा वाटा घेतला. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी कंपासपेटी आणि रंगपेटी उघडली ती याच नावाची. परदेशी शाईच्या बाटलीपेक्षा पाण्यात कालवायची पुडी स्वस्त पडते, हा साधा हिशेब त्या घरानं ओळखला होता. रोजच्या वस्तूचं मोल नावावर नाही, वापरावर ठरतं, हे त्यातून आपणही घ्यावं.

बॉलपेन आलं ते वर्तमानपत्राच्या छापखान्यातून, असं म्हणायला हरकत नाही. हंगेरीतले पत्रकार लास्लो बिरो यांच्या लक्षात आलं, की छापखान्याची शाई चटकन सुकते, आपल्या पेनातली सुकत नाही. पण छपाईची शाई घट्ट, ती निबेतून उतरेना. मग रसायनं जाणणाऱ्या भावाच्या मदतीनं त्यांनी टोकाशी फिरती गोळी बसवली. १९३८ साली त्याचं पेटंट घेतलं. गोळी एका बाजूनं शाईत बुडते, फिरते आणि दुसऱ्या बाजूनं ती कागदावर लावते. रंगकाम करणाऱ्याचा रोलर चालतो तसंच हे. शाई तेलकट आणि घट्ट असल्यामुळे पसरत नाही, कागदाच्या मागे उमटत नाही आणि रिफिल खूप दिवस चालते. पण गोळी फिरायला जोर लावावा लागतो, पेन जरा उभं धरावं लागतं, आणि म्हणून तीन तासांच्या पेपरात बोटं दुखतात.

कारखान्यातल्या माझ्या टेबलावर दुसऱ्या कोणत्या पेनचं कामच नव्हतं. माल बाहेर गेला की तीन प्रतींचं चलन करायचं, मध्ये कार्बन. वरच्या प्रतीवर दाबून लिहिलं तरच तिसरी प्रत वाचता येणार. तिथे शाईपेननं लिहिणं म्हणजे तिसऱ्या प्रतीवर कोरा कागद पाठवणं. एकदा नव्यानं लागलेल्या एका मुलानं हौसेनं जेलपेननं चलनं केली आणि ट्रक फाटकापाशी तासभर अडकून राहिला. तेव्हापासून आमच्या टेबलाला दोरीनं बॉलपेन बांधलेलं असे.

बॉलपेन अडखळायला लागलं की आपण लगेच ते फेकून देतो. बऱ्याचदा दोष शाईचा नसतो. हाताचा घाम, तेल, तुपकट बोटं कागदाला लागलेली असतात आणि त्या तेलावर गोळी नुसतीच घसरते. अशा वेळी दुसऱ्या खरबरीत कागदावर चार रेघा ओढाव्या. भिंतीला कागद लावून किंवा झोपून वर धरून लिहिलं तरी पेन बंद पडतं, कारण शाई आपल्या वजनानं खाली येते आणि टोकाशी हवा शिरते. लोकलमध्ये डब्याला टेकून, उभ्या पत्र्यावर वही धरून कविता लिहायचा उद्योग मी बरीच वर्षं केला. बदलापूर ते मुंबई ६८ किलोमीटरचा प्रवास, कविता अर्ध्यावर आणि पेन बंद. शेवटी लोकलसाठी शिसपेन्सिल ठेवली. लहानपणी आम्ही रिफिलचं टोक पेटत्या काडीवर धरायचो. शेजारच्या अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा मोठा कारखाना, त्यामुळे काड्यांना तोटा नव्हता. पण तो उपाय वाईट. प्लॅस्टिक वितळतं, शाई उतू जाते आणि शर्टाचं जे व्हायचं ते होतं.

जेलपेन हे या दोघांच्या मधलं. १९८४ मध्ये जपानच्या साकुरा कंपनीनं ते बाजारात आणलं आणि आपल्याकडे ते रुळलं नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. त्याची शाई पाण्याचीच, पण मुरंब्यासारखी दाट केलेली. स्थिर असली की घट्ट राहते, गोळी फिरली की पातळ होते, थांबली की पुन्हा घट्ट. त्यामुळे रेघ ठळक आणि गडद येते, जोरही लागत नाही. शालेय मुलांना ते का आवडतं, ते उघड आहे. पण शाई भरपूर खर्च होते, रिफिल लवकर संपते आणि सुकायला क्षणभर थांबावं लागतं. म्हणून पेनाची किंमत बघताना नुसता पेनाचा भाव बघू नये. नवी रिफिल घातली की तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. कोणती रिफिल किती पानं चालली, ते दोन महिन्यांत कळतं. स्वस्त वाटलेलं पेन कधी कधी महाग निघतं. आणि ज्याची रिफिल आपल्या नाक्यावरच्या दुकानात मिळत नाही, ते पेन घेऊच नये. तसल्या पेनांनीच घराघरातले खण भरलेले असतात.

इथवर हाताचा आणि कागदाचा विचार झाला. तो थोडाफार सगळेच करतात. शाई किती वर्षं टिकायला हवी, याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. मीही करत नव्हतो.

१९९८ साली आम्ही उल्हासनगर सोडून बदलापूरला राहायला गेलो. घर तळमजल्यावर होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या दिवशी उल्हास नदीनं बदलापूरची आणि वालधुनीनं अंबरनाथ-उल्हासनगरची काय दशा केली, ते इथल्या माणसांना विचारा. आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. आम्ही अम्मीला घेऊन वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे रात्र काढली.

लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तीन वह्या होत्या. एक अब्बांची. ते जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या वहीत घरातले जन्म, मृत्यू, निकाह, कुणाकडून किती उसने घेतले आणि कधी फेडले, हे सगळं त्यांनी उर्दूत लिहून ठेवलेलं होतं, शाईपेननं, फार सुंदर वळणात. दुसरी वही माझ्या कवितांची. तीही शाईपेननं लिहिलेली, कारण कविता शाईपेननंच लिहायची असते असं मला तेव्हा वाटायचं. तिसरी अम्मीची, दुधाच्या हिशेबाची. अम्मी हाताला येईल त्या बॉलपेननं लिहायची.

पाणी ओसरल्यावर आम्ही पानं उलगडून दोरीवर वाळत घातली. अब्बांच्या वहीत फिकट निळे डाग उरले होते. एकही शब्द लागत नव्हता. माझ्या वहीचंही तेच. अम्मीच्या वहीवर चिखलाचे ओघळ होते, पण आकडा न् आकडा वाचता येत होता. कुठल्या तारखेला दीड लिटर दूध जास्त घेतलं आणि कोण पाहुणे आले होते, तेसुद्धा.

कवितांतल्या काही आठवल्या, त्या पुन्हा लिहिल्या. न आठवलेल्या फार चांगल्या नव्हत्या असं मी मनाला समजावतो. अब्बांच्या वहीचं तसं करता येईना. माझ्या आपाचा जन्म गावी घरातच झाला. शाळेच्या दाखल्यावर तिची तारीख १ जून आहे, आपल्याकडे कितीतरी जणांची असते तशी. खरी तारीख त्या वहीत होती. आपा आता साठीच्या पुढे आहे. कधीतरी हसत विचारते, ''भाईजान, माझा खरा वाढदिवस कधी?'' मला सांगता येत नाही.

दोष कुणाचाच नव्हता. अब्बा जी निळी शाई वापरत, ती कपड्यांवरचे डाग सहज निघावेत अशीच केलेली असते. शाळकरी मुलांसाठी ती उत्तम. पण जी शाई गणवेशावरून धुऊन निघते, ती वहीतूनही धुऊन निघणार. त्यानंतर मी थोडी माहिती काढली, घरी प्रयोग केले आणि एक गोष्ट कळली. प्रत्येक शाईचा एक शत्रू असतो.

धुतल्या जाणाऱ्या निळ्या शाईचा शत्रू पाणी. बॉलपेनच्या तेलकट शाईचं पाणी फारसं काही बिघडवत नाही, पण स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागलं की ती पसरते, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर फिकी पडते. जेलपेनमध्ये दोन प्रकार असतात. काहींच्या शाईत विरघळणारा रंग असतो, तो पाण्यात जातो. काहींच्यात रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात. ते कागदाच्या तंतूंत अडकून बसतात आणि पाण्यालाही दाद देत नाहीत, उन्हालाही नाही. आपल्या पूर्वजांची काजळीची शाई अशीच कणांची होती. बोरूनं लिहिलेली शे-दोनशे वर्षांपूर्वीची मोडी कागदपत्रं आजही काळीभोर दिसतात ती त्यामुळेच.

सगळ्यांत फसवी शाई खोडता येणाऱ्या पेनाची. पेनाच्या मागच्या रबरानं घासलं की अक्षर नाहीसं होतं. ते रबरानं पुसलं जात नाही, घासल्यानं निर्माण झालेल्या उष्णतेनं त्याचा रंग जातो. साधारण ६० अंश सेल्सिअसला ही शाई अदृश्य होते. २००६ पासून अशी पेनं जगभर विकली जाऊ लागली आणि अभ्यासाच्या टिपणांना ती छान आहेत. पण त्या पेननं भरलेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करायला दिलं, तर यंत्रातून कोरं बाहेर येईल. आणि त्या पेननं कुणी तुमच्या चेकवर रक्कम लिहिली, तर काय होईल ते सांगायला नको. अनोळखी माणसानं पुढे केलेल्या पेननं चेक किंवा फॉर्म भरू नये. आपलं पेन खिशात असावं. २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चेकवर तारखेखेरीज दुसरी कुठलीही खाडाखोड चालत नाही, तेव्हा तिथे खोडता येणाऱ्या पेनाचं काही कामच नाही.

पेन बदललं की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण आहे. मी पदवीधर असल्यामुळे कोकण पदवीधर मतदारसंघात माझं नाव आहे. तिथे मतपत्रिकेवर पसंतीचा आकडा लिहावा लागतो आणि तो निवडणूक आयोगानं केंद्रावर ठेवलेल्या जांभळ्या स्केचपेननंच. स्वतःचं कितीही उंची पेन असो, चालत नाही. २०१६ च्या जूनमध्ये हरयाणात राज्यसभेच्या निवडणुकीत वेगळ्या पेननं खूण झाली म्हणून डझनभर आमदारांची मतं बाद झाली आणि निकालच फिरला.

मग घरी परीक्षा कशी घ्यायची? एका चांगल्या कागदावर घरातल्या प्रत्येक पेननं एकेक ओळ लिहावी आणि ओळीपुढे पेनाचं नाव शिसपेन्सिलीनं घालावं. एक दिवस सुकू द्यावं. मग कागदाच्या तीन उभ्या पट्ट्या कापाव्या. एक पट्टी तासभर पाण्याच्या वाटीत ठेवावी. दुसरी खिडकीच्या काचेला, उन्हाच्या बाजूला, महिनाभर चिकटवावी. तिसरीवर गरम इस्त्री फिरवावी. जी ओळ तिन्ही पट्ट्यांवर वाचता येईल, ते घरातलं दस्तऐवजाचं पेन. ते वेगळं ठेवावं आणि अर्ज, पासबुक, मुलांच्या तारखा, औषधांच्या नोंदी, महत्त्वाचे पत्ते त्याच पेननं लिहावेत. बाकी लिहायला जे हाताला सुखाचं वाटेल ते खुशाल वापरावं. सही निळ्या शाईत केली तर झेरॉक्सच्या काळ्या प्रतींतून मूळ कागद लगेच ओळखता येतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

दुकानातली परीक्षा याहून सोपी. लिहायचा कागद घरून न्यावा, रोजच्या वहीचं एक पान. त्यावर गोल न गिरवता आपलं नाव आणि पूर्ण पत्ता लिहावा, नेहमीच्या वेगानं. मग 'घर, धर, मला, भला, क्षण, ज्ञान, बाळ' हे शब्द आपल्या नेहमीच्या आकारात लिहावे आणि गाठी, फटी सुट्या दिसतात का ते बघावं. पेन पहिल्याच अक्षराला सुरू झालं का? वळणावर शाईचा गोळा साचला का? मनात तीन आकडे मोजून ओळीवरून बोट फिरवावं, पसरतं का बघावं. पान उलटून मागे किती उमटलं ते बघावं. शेवटी पेन धरलेल्या बोटांकडे लक्ष द्यावं. पेन फार सडपातळ असेल तर ते घट्ट धरावं लागतं आणि पानभर लिहिताच अंगठा भरून येतो. थोडं जाडसर, पकडीपाशी न घसरणारं आणि वजनाला हलकं पेन बहुतेकांना मानवतं.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आणखी एक. पेपरच्या दिवशी नवंकोरं पेन नेऊ नये. एकाच जातीची तीन पेनं आधी चार-चार पानं लिहून सरावाची करावी आणि तीच न्यावी. घरात लहान मूल असेल तर टोपणाच्या वरच्या टोकाला भोक असलेलं पेन घ्यावं. ते भोक शाई सुकण्यासाठी नसतं. मुलानं चुकून टोपण गिळलं आणि ते घशात अडकलं, तर थोडी हवा आत जात राहावी, यासाठी ते ठेवलेलं असतं.

उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद तुम्ही ऐकला असेल. आमच्या दुकानातले दादा स्वतःच तो सांगून खो खो हसत. पण एखाद्या गिऱ्हाइकानं पेनावरचं नाव वाचायला सुरुवात केली की म्हणत, ''पुट, नाम क्या पढ़ता है, लिख के देख.'' आणि समोर कागद सरकवत. त्यांनी कधी कुणाला घाई केली नाही.

२०१९ च्या जुलैत उल्हास नदी पुन्हा भरून आली. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ती हीच वेळ. त्या रात्री आम्ही सगळ्यांत आधी वह्या माळ्यावर टाकल्या. त्यात एक नवी वही आहे. अम्मी होती तोवर तिला विचारून विचारून घरातल्या जेवढ्या तारखा मिळाल्या, तेवढ्या मी तिच्यात लिहून ठेवल्या आहेत, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत. शाळेतल्या मुलांना दाखवलेल्या त्या दहा रुपयांच्या बॉलपेननंच.

आपल्याही घरात अशी एखादी वही असेल. आज सवडीनं ती काढून बघा आणि ती कोणत्या शाईत लिहिलेली आहे ते तपासा. धुऊन जाणाऱ्या शाईत असेल, तर पावसाळ्याआधी तिची एक प्रत करून ठेवा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)